अजिंठा-वेरूळ की गुहागरचा समुद्र? दिवाळीच्या आठ दिवसांचा हिशेब

नागपुरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. भाऊबीज झाली की आठ दिवस मोकळे आहेत आणि घरात पाच माणसं आहेत. सासूबाई 71 वर्षांच्या, शुद्ध शाकाहारी, गुडघ्यांनी बेजार. मुलगी तेरा वर्षांची आणि मुलगा सातचा. दोघांनीही अजून समुद्र पाहिलेला नाही. यजमानांना इतिहासाची फार ओढ, त्यांना छत्रपती संभाजीनगरला मुक्काम करून अजिंठा, वेरूळ, दौलताबाद नीट बघायचं आहे. मुलांना कोकणातलं समुद्राकाठचं गाव हवं आहे. ताई विचारतात, कुठे जाऊ?

ताई, आधी सरळ उत्तर देते, कारणं मागून सांगते. या आठ दिवसांत कोकणात जा. संभाजीनगर जानेवारीसाठी राखून ठेवा, पण ते रद्द करू नका. मी गेली चोवीस वर्षं धरमपेठेत बसून नागपूरकरांच्या सहली आखते आहे. या दोन ठिकाणांमध्ये अडकलेली कुटुंबं दर दिवाळीला आणि दर उन्हाळ्यात माझ्यासमोर येऊन बसतात. बहुतेक जण "जास्त छान काय?" असं विचारतात. त्याला उत्तर नाही, कारण कैलास लेणं आणि समुद्र यांची तुलना होत नाही. मी त्यांना वेगळं विचारते: यातलं कोणतं ठिकाण तुम्हाला तीन दिवसांतही नीट बघता येईल, आणि कशाला आठच दिवस लागतील?

नागपूरकरांसाठी हे गणित अलीकडेच बदललं. पूर्वी संभाजीनगरला जायचं म्हणजे रात्रभराचा प्रवास, पोचल्यावर अर्धा दिवस झोपेत. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला आणि जून 2025 पासून तो पूर्ण 701 किलोमीटर खुला आहे. आता सकाळी पोहे खाऊन निघालेला माणूस दुपारी संभाजीनगरात जेवतो. म्हणजे ते शहर आपल्यासाठी तीन दिवसांच्या सुट्टीत बसणारं झालं. कोकण तसं झालेलं नाही. नागपूरहून कोकणातलं कुठलंही समुद्राकाठचं गाव गाठायला जायचा एक दिवस आणि यायचा एक दिवस जातोच. तीन दिवसांच्या सुट्टीत तिथे जाणं म्हणजे समुद्राला हात लावून परत येणं. आठ सलग दिवस तुम्हाला वर्षातून किती वेळा मिळतात? एकदा, फार तर दोनदा. ते लांबच्याच ठिकाणाला द्यावेत.

दुसरं कारण सासूबाई. ऐतिहासिक शहर बघणं हे पायांचं काम आहे, हे लोक आखणी करताना विसरतात. दौलताबादच्या किल्ल्यावर शेकडो पायऱ्या आहेत आणि मध्ये अंधारी भुयारी वाट. अजिंठ्याला फर्दापूरच्या बाजूला गाडी ठेवून बसने लेण्यांपाशी जायचं, तिथून चढण, मग एका लेण्यातून दुसऱ्यात. डोलीवाले असतात, पण सगळ्यांनाच डोलीत बसायला आवडत नाही. माझ्या अनुभवात घरातलं वडीलधारं माणूस दुसऱ्या लेण्यानंतर "तुम्ही जाऊन या, मी बसते इथेच" म्हणतं. त्यानंतरचा दिवस सगळ्यांचाच अवघडून जातो. एकाचं लक्ष चित्रांकडे, दुसऱ्याचं घड्याळाकडे आणि सुनेचं सगळं लक्ष बाहेर बसलेल्या सासूबाईंकडे.

समुद्राकाठी मात्र माणूस बसला तरी त्याची सहल चालू असते. खुर्ची टाकून बसलेल्या आजीला नातवंडं दिसतात, वारा लागतो, सूर्यास्त तिच्याही वाट्याला येतो. पण वाळूचं एक सांगते, कारण गुडघेदुखीवाल्यांना ते कुणी सांगत नाही. वरची कोरडी, भुसभुशीत वाळू गुडघ्यांना सगळ्यात वाईट. पाय रुततो, काढताना गुडघा वळतो. ओहोटीला पाणी मागे गेलं की खाली जी ओली वाळू उघडी पडते ती घट्ट असते, अंगणासारखी. सासूबाईंना तेवढा कोरडा पट्टा हात धरून पार करवा, पुढे त्या आपल्या आपण चालतील. म्हणून ओहोटी कधी आहे हे माहीत असणं तुमच्या घरासाठी हॉटेलच्या नावापेक्षा महत्त्वाचं आहे.

त्याची कोकणातली जुनी रीत सोपी आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तितक्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. त्याच्या साधारण सहा तास आधी आणि नंतर ओहोटी पूर्ण. हा अदमास आहे, अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पण दिवस आखायला पुरतो. आता तुमचंच बघा. भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया. तुम्ही तृतीयेला निघून चतुर्थीला पोचलात, तर पंचमी-षष्ठीला सकाळी दहाच्या आसपास पाणी सगळ्यात मागे असेल. म्हणजे आठ ते दहा सासूबाईंना चालायला घट्ट वाळू, आणि दहानंतर पाणी चढू लागलं की मुलांना डुंबायला वेळ. डुंबायचं ते चढत्या पाण्यात. ओहोटीचं पाणी आत ओढतं, त्या वेळी सात वर्षांच्या मुलाला गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ देऊ नका, समुद्र कितीही शांत दिसू दे. खाडीच्या मुखाशी आणि खडकांजवळ तर भरतीतही नाही. अष्टमी जवळ आली की भांग असतो, भरती-ओहोटीतला फरक कमी होतो, पाण्याची ओढही मंदावते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा लहान मुलांसाठी हे दिवस बरे. तुमच्या सुट्ट्या नेमक्या त्या बाजूला झुकलेल्या आहेत, हे तुमचं नशीब.

आता कोकण म्हणजे कुठलं गाव? इथे जेवणाचा विचार आधी करायला हवा. मालवण, तारकर्ली, देवबाग ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत आणि मासे खाणाऱ्यांनी तिथेच जावं. बांगडा, सुरमई, कोंबडी-वडे, वर सोलकढी, त्याला तोड नाही. पण शुद्ध शाकाहारी सासूबाईंना तिथे रोज दोन वेळा "माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात केलंय ना?" असं विचारत बसावं लागेल. तुमच्यासाठी मी गुहागर तालुका निवडेन: गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. नाहीतर दापोलीजवळचं मुरूड किंवा आंजर्ले. या पट्ट्यात घरगुती शाकाहारी खानावळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. केळीच्या पानावर वरणभात, बिरड्याची उसळ, कुळथाचं पिठलं, घावन, फणसाचं सांदण मिळालं तर तेही. मासे खायचे असतील त्यांना जवळपास तेही मिळतात, फक्त वेगळ्या घरी.

दोन्हींपैकी माझा कौल गुहागरला. गाव सपाट आहे. समुद्र गावाच्या पाठीला लागून आहे. माडा-पोफळीच्या वाडीतून निघालं की सुरूचं बन आणि त्यापलीकडे लांबच लांब किनारा. व्याडेश्वराचं आणि दुर्गादेवीचं देऊळ गावातच, सासूबाईंना रोज संध्याकाळी जाता येईल. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती सुंदर आहे, वरपर्यंत गाडी जाते, पण तिथली राहायची घरं कधीकधी पाखाडीवर असतात. पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची चढती वाट. छायाचित्रात ती फार देखणी दिसते, आणि दिवसातून चार वेळा चढायची म्हटलं की गुडघे बोलू लागतात.

एकाच गावी राहा. हे मी अगदी कळकळीने सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी एका कुटुंबाला सहा दिवसांत दापोली, गुहागर, गणपतीपुळे आणि मालवण करून आणलं होतं. यादी त्यांनीच दिली होती, मी ती जशीच्या तशी आखून दिली. परत आल्यावर घरातले आजोबा मला भेटायला आले आणि शांतपणे म्हणाले, "समुद्र मी गाडीच्या काचेतूनच पाहिला." कोकणातले रस्ते नकाशावर चाळीस किलोमीटर दिसतात, पण घाट, वळणं आणि खाड्या यांत दोन तास जातात. प्रत्येक मुक्काम बदलायचा म्हणजे सकाळ सामान बांधण्यात आणि संध्याकाळ उघडण्यात. त्या आजोबांनंतर मी चार रात्रींच्या आत कुणालाही गाव बदलू देत नाही. फिरायचं तर तिथूनच, अर्ध्या दिवसाचं, जेवायला परत.

यजमानांची इतिहासाची भूक तिथे उपाशी राहील असं समजू नका. इतिहास शहरातच असतो हा आपला विदर्भातला समज आहे, कारण आपल्याला समुद्रावरचं राज्य कधी जवळून दिसलेलं नाही. आपले भोसले कटकपर्यंत घोड्यावरून गेले. कोकणात मात्र सत्ता गलबतांनी मोजली जायची. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार कोकण किनाऱ्यावरचे आहेत. गुहागरहून धोपाव्याला जाऊन फेरीबोटीत गाडी चढवली की वाशिष्ठीची खाडी ओलांडून दाभोळला उतरता येतं. नागपूरच्या मुलांना गाडीसकट बोटीत बसणं हीच एक मोठी गोष्ट वाटते. आदिलशाहीत दाभोळ मोठं बंदर होतं. त्या काळातली देखणी मशीद आजही खाडीकाठी उभी आहे, आणि चंडिकादेवीचं भुयारी देऊळ तेलाच्या दिव्याच्या उजेडात बघायचं असतं. पुढे हर्णैला जाऊन किनाऱ्यावरून सुवर्णदुर्ग दिसतो. बोटीने आत जाता येतं, पण चढता-उतरताना पाण्यात पाय घालावे लागतात, म्हणून ते यजमान आणि मुलीपुरतं ठेवा. संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव बघण्यासारखा असतो. सासूबाईंना तिथे नेऊ नका, वास सहन होणार नाही. गुहागरच्या अगदी जवळ अंजनवेलचा गोपाळगड आहे, गाडी जवळपर्यंत जाते आणि तटावरून खाडीचं मुख दिसतं. दाभोळवर नजर ठेवायला किल्ला नेमका तिथेच का बांधला, हे बापाने मुलांना समजावून सांगायला याहून चांगली जागा नाही.

तुमच्या लेकीबद्दल थोडं बोलायला हवं, कारण गावाच्या सहलीत तेराव्या वर्षाचं पोट्टं सगळ्यात आधी कंटाळतं. लहान मुलाला वाळू पुरते. तिला पुरणार नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी "इथे करायला काय आहे?" हा प्रश्न येणारच आणि आईबाप घाबरून गाडी काढतात. घाबरू नका. गावात राहायला रिकामं बसता यावं लागतं आणि ते यायला दोन दिवस लागतात. घरमालकिणीला आधीच सांगून ठेवा, की मुलीला सुपारी सोलताना, नारळ सोलताना, उकडीची पारी करताना बसू दे. दूरच्या पाहुण्या पोरीला शिकवायला कोकणातल्या बायकांना मनापासून आवडतं. हेदवीला उमा-महेश्वराच्या देवळामागे बामणघळ आहे. खडकातल्या चिरेत भरतीचं पाणी घुसून कारंज्यासारखं वर उसळतं. भरतीची वेळ तिला पाऊणच्या हिशेबाने काढायला सांगा आणि तिच्या हिशेबाप्रमाणे तिथे जा. कठड्यापासून मात्र लांबच थांबा.

आता तुम्ही म्हणाल, मग जाताजाता एक रात्र संभाजीनगरात थांबून दोन्ही का नको? हा मोह प्रत्येकाला होतो. मी नाही म्हणते. वेरूळला 34 लेणी आहेत, त्यांतलं एकटं सोळावं, कैलास, नीट बघायला दोन-तीन तास हवेत. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, कळसापासून खाली कोरत आणलेलं ते देऊळ आहे. पाया आधी घालून वर चढवलेलं नाही, डोंगरातून मोकळं केलेलं आहे. ते समजायला खाली अंगणात फिरावं लागतं, मग बाजूच्या वाटेने वर कड्यावर जाऊन खाली बघावं लागतं. पुढच्या प्रवासाची घाई असलेला माणूस फोटो काढतो आणि निघतो. ज्या यजमानांना त्याची खरी ओढ आहे, त्यांच्यावर तर हा अन्यायच होईल.

जानेवारीतलं असं करा. शुक्रवारी सकाळी समृद्धीने निघा. टायर आणि हवा आदल्या दिवशी तपासा आणि दर दोन तासांनी थांबा, तो सरळ रस्ता डोळे जड करतो. दुपारनंतर बीबी का मकबरा आणि पाणचक्की, दोन्ही सपाट आहेत, सासूबाईही फिरतील. मुलांना सांगा, की सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने खडकी नावाने हे शहर वसवलं आणि जमिनीखालच्या नहरींनी त्यात पाणी खेळवलं. तीच पाण्याची करामत पाणचक्कीत दिसते. शनिवारी वेरूळ. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, म्हणून सकाळी घृष्णेश्वर आणि दौलताबाद पायथ्यापासून जमेल तितकं, आणि कैलास दुपारी दोननंतर, तेव्हा उजेड आतपर्यंत जातो. रविवारी पहाटे निघून अजिंठा. पहिल्या लेण्यात शिरल्यावर लगेच चित्र शोधू नका. पाच मिनिटं अंधारात उभे राहा, मग पद्मपाणी आपोआप समोर येतो. परतताना बुलढाणा, चिखली, मेहकर करत पुन्हा समृद्धीवर चढता येतं. वार मात्र लक्षात ठेवा: सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद. सुट्टी जोडून सोमवार-मंगळवारी गेलेली किती तरी कुटुंबं दारावरून परत आलेली मी पाहिली आहेत. कोकणाचं याच्या उलट. शुक्रवार ते रविवार तिथे पुण्या-मुंबईची गर्दी उसळते, सोमवार ते गुरुवार किनारा तुमचाच.

तुमच्याकडे आठऐवजी चारच दिवस असते, किंवा प्रश्न पावसाळ्यातला असता, तर मी डोळे मिटून संभाजीनगर सांगितलं असतं. जून-जुलैत समुद्रात उतरायचंच नसतं, आणि वेरूळचा डोंगर मात्र त्याच दिवसांत हिरवा होतो, कड्यावरून धबधबे पडतात. मे महिन्यात मी लेण्यांना पाठवत नाही. आपण नागपूरकर उन्हाला घाबरत नाही, पण तापलेल्या काळ्या दगडावरून अनवाणी देवळात जाणं वेगळंच.

प्रवासाचं आता लगेच बघा. नागपूर-मडगाव ही विशेष गाडी आठवड्यातून दोनदा धावते आणि चिपळूणला थांबते. तिची मुदत रेल्वे वेळोवेळी वाढवत असते, म्हणून तुमच्या तारखेला ती आहे ना हे आधी बघा. नसेल तर पनवेलला गाडी बदलावी लागेल. तेव्हा दोन गाड्यांमध्ये निदान चार तास मोकळे ठेवा. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं आणि दिवाळीचं त्याच सकाळी संपतं. सासूबाईंचं तिकीट वेगळं काढा. ज्येष्ठांच्या कोट्यातला खालचा बर्थ एका तिकिटावर जास्तीत जास्त दोन नावं असतील तरच मिळतो, पाच जणांच्या तिकिटाला तो लागत नाही. स्वतःच्या गाडीने जायचं ठरवलंत तर वाटेत एक रात्र मुक्काम कराच.

घरमालकांना फोन करताना फार प्रश्न नकोत. खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, रस्त्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या, समुद्रापर्यंत वाट कशी, लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे का. सासूबाईंची औषधं आठ दिवसांऐवजी बारा दिवसांची न्या, मोठं हॉस्पिटल लागलं तर चिपळूण गाठावं लागतं. आणि तुम्ही पोचाल तो दिवस विनायकी चतुर्थीचा असेल. सासूबाईंना उकडीचे मोदक खाऊ घालायचे असतील तर आदल्या दिवशी गाडीतूनच फोन करून सांगा. नारळ उतरवून खवायला त्यांनाही वेळ लागतो.